आखूड दांड्याची कुदळी

कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात लेट्यूसची विरळणी करणाऱ्या मजुरांच्या हाती एक कुदळी असे. तिचा दांडा जेमतेम फूटभराचा, फार तर दोन फुटांचा. मेक्सिकन मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे ‘आखुडी’.

आपल्याकडे खुरपणी उकिडवं बसून होते. इथे मात्र पाय ताठ ठेवून, कमरेत वाकून, सरीमागून सरी पुढे सरकायचं, तेही दिवसभर. काही वर्षांतच कंबर कायमची धरे. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांनी स्वतः ही कुदळी चालवली होती आणि पाठदुखीने त्यांना आयुष्यभर छळलं.

लांब दांडा असताना आखूड कशाला? बागायतदार सांगत, मजूर रोपाजवळ राहिला की हात नेमका पडतो, पिकाची नासधूस होत नाही. प्रत्यक्षात इतर अनेक राज्यांत हेच काम लांब दांड्याने होत होतं. आखूड दांड्याचा आणखी एक फायदा मुकादमाला ठाऊक होता: पाठ सरळ करून घटकाभर थांबलेला माणूस लांबूनही दिसे.

1966 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ या संस्थेतले वकील मॉरिस जॉर्डेन यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1972 मध्ये मजुरांच्या वतीने राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे अर्ज गेला. असुरक्षित हत्यारं वापरायला नियमानेच मनाई होती. सुनावणीत मणक्याची झीज कशी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं. तरीही 1973 मध्ये अर्ज फेटाळला गेला. नियम मोडक्या, सदोष हत्यारांपुरता आहे, असा अर्थ लावला गेला. आणि कुदळीत तर काहीच मोडलेलं नव्हतं.

13 जानेवारी 1975 रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ चुकीचा ठरवला. धडधाकट हत्यारही ज्या रीतीने वापरावं लागतं त्यामुळे असुरक्षित ठरू शकतं, असं न्यायालयाने मान्य केलं. त्याच वर्षी या कुदळीवर बंदी आली.

वाकणं मात्र संपलं नाही. काही शेतांत मजुरांकडून नुसत्या हातांनी तण उपटून घेतलं जाऊ लागलं. त्यालाही लगाम घालणारा नियम व्हायला 2004 साल उजाडलं, आणि त्यातूनही सेंद्रिय शेतीला सवलत मिळाली. चावेझ यांचे वडील लिब्रादो यांची आखूड कुदळी आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.