विखुरलेल्या रुग्णांची एकत्र नोंद

जखम झाल्यावर रक्त गोठते, म्हणून प्राण वाचतात. परंतु जखम नसताना रक्तवाहिनीच्या आतच रक्त गोठू लागले, तर हीच क्रिया जिवावर उठते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या विकारात नेमके हेच घडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत गुठळी होणे, तरुण वयात पक्षाघाताचा झटका येणे, वारंवार गर्भपात होणे ही या विकाराची प्रमुख रूपे होत. लंडनमधील डॉ. ग्रॅहॅम ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यामुळे तो ह्यूज सिंड्रोम या नावानेही ओळखला जातो.

पक्षाघाताचा रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञाकडे जातो, गर्भपात झालेली स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. एकाच विकाराचे रुग्ण असे विखुरतात आणि एका डॉक्टरच्या अनुभवातून पूर्ण चित्र उभे राहत नाही. ही उणीव रुग्णनोंदवही भरून काढते. तीत प्रत्येक रुग्णाची लक्षणे, तपासण्या, उपचार व परिणाम ठरावीक नमुन्यात नोंदले जातात. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये सुरू केलेली कर्करोग नोंदणी एका शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली होती. दुर्मीळ विकारासाठी मात्र एक शहर पुरत नाही, अनेक देशांतील रुग्णालयांना एकत्र यावे लागते.

युरोपात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘युरो-फॉस्फोलिपिड’ प्रकल्पात १३ देशांतील १,००० रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ८२० स्त्रिया होत्या. निम्म्याहून अधिक रुग्णांना हा विकार स्वतंत्रपणे झाला होता, तर सुमारे ३६ टक्क्यांना त्याच्या जोडीला ल्युपस हा आजारही होता. पुढील दहा वर्षांत ९३ रुग्ण दगावले. उपचार चालू असतानाही काहींना पुन्हा गुठळ्या झाल्याचे या पाठपुराव्यात आढळले.

या विकाराचे सर्वांत भीषण रूप एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत दिसते. त्यात आठवडाभरात तीन किंवा अधिक अवयवांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. असा रुग्ण एखाद्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत जेमतेम एकदा भेटावा. म्हणून २००० मध्ये त्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडण्यात आली. तीतील ४८७ प्रसंगांचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गुठळीरोधक औषधे व स्टेरॉइड यांच्या जोडीला रक्तद्रव बदलणे किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे असा तिहेरी उपचार मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २८.६ टक्के, तर इतर उपचार मिळालेल्यांत ४१.१ टक्के होते.

अर्थात, हे आकडे जपून वापरावे लागतात. कोणता उपचार कोणाला द्यावा, हे येथे चिठ्ठी टाकून ठरलेले नसते. अत्यवस्थ रुग्ण तिसरा उपचार सुरू होण्यापूर्वीच दगावू शकतो. शिवाय आगळ्यावेगळ्या प्रकरणांचीच नोंद अधिक होण्याचा संभव असतो. औषधांची थेट तुलना करण्यासाठी नियंत्रित चाचणीच लागते. इटलीत रिव्हारोक्सॅबान व वॉरफेरिन यांची अशी चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तिन्ही प्रकारची प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्सॅबान घेणाऱ्यांना गुठळ्यांचा त्रास अधिक झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले.

२०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘एपीएस अॅक्शन’ या आंतरराष्ट्रीय गटाने नोंदींना रक्तनमुन्यांची जोड दिली. प्रतिपिंडे असूनही गुठळी न झालेल्यांचीही येथे नोंद होते व दरवर्षी पाठपुरावा केला जातो. गुठळी कोणाला होईल आणि कोणाला नाही, याचे उत्तर अशा तुलनेतूनच मिळू शकते. प्रतिपिंडे संसर्गानंतरही तात्पुरती वाढत असल्याने किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी आवश्यक मानली जाते.

नोंदवहीचे मोल तिच्यातील नोंदींच्या अचूकपणावर ठरते. रुग्णाची लेखी संमती, ओळखीची गुप्तता आणि केव्हाही माघार घेण्याची मुभा या तिच्या आवश्यक अटी आहेत. नोंद करणाऱ्या रुग्णाला स्वतःला त्याचा लाभ होईलच असे नाही, परंतु पुढच्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला तीच नोंद वाट दाखविते.