वेलाला मांडव, वेलाला कात्री

मागच्या श्रावणात आमच्या सांदवाडीतला मांडव रात्रीच्या पावसात कोसळला. सकाळी पाहिलं तर बांबू बुडाशी उदईने पोखरलेले, आणि त्यांच्यावर द्राक्षाचा वेल पालथा पडलेला.

तो वेल बाबांनी लावला होता. तिरोड्यात द्राक्षं? लोक हसायचे. हा वैनगंगेकाठचा धानाचा मुलूख. पण दारात पोपटाच्या शेंगांचा मांडव तर प्रत्येकाच्याच घरी असतो. बाबांनी तसाच बांबूचा मांडव घातला आणि वेल चढवला. पाच वर्षं त्याने नुसता पाला दिला, एक घडही नाही. बाबा मात्र त्याला कात्री लावू द्यायचे नाहीत. "जीव आहे त्याला," म्हणायचे. बाबा गेले आणि वर्षभरात मांडवही गेला. आई म्हणाली, "आता काढूनच टाक."

काढायच्या आधी मी थोडं वाचायला घेतलं.

द्राक्षाच्या वेलाचं खोड स्वतःचा भार पेलत नाही. रानात तो झाडावर चढतो. माणसाने त्याला घरी आणलं, तेव्हा आधारही माणसालाच द्यावा लागला. रोमन शेतकरी एल्मच्या झाडावर वेल चढवत आणि त्याला वेलाचं आणि झाडाचं लग्न म्हणत. गंमत बघा, आपल्याकडे लग्नालाच मांडव लागतो, आणि त्याची सुरुवात एका खांबाने, मुहूर्तमेढीने होते.

नाशिककडे हे झाड होतं पांगारा. त्याची फांदी रोवली की मुळं धरते, भराभर वाढते, आणि हवी तशी छाटता येते. म्हणजे जिवंत खांबच. पुढे बागा वाढल्या, आणि आज आपण फोटोत पाहतो तो लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव आला. त्यात एक शहाणपण आहे : पाला वर उन्हात पसरतो, घड खाली सावलीत लोंबतात. आपल्या उन्हात उघडे घड करपतात.

पण माझं उत्तर मिळालं ते दौलताबादेत. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि वसंतात उठून फळ धरतो. आपल्याकडे तसा हिवाळाच नाही. वेल झोपतच नाही, नुसता वाढत राहतो. म्हणून आपले बागाईतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर नव्या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होतात. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तेव्हा ते डोळे फुटतात. आधार माणसाचा, आणि हिवाळासुद्धा माणसाच्या कात्रीचा!

बाबांनी अर्धंच काम केलं होतं. मांडव दिला, कात्री दिली नाही.

मी लोखंडी अँगल आणले. हात वर केला की घडाला लागेल इतकी उंची ठेवली. वेलाचं वजन खांबांना आत ओढतं, म्हणून कोपऱ्यातले खांब जरासे बाहेर झुकवले आणि तारेने जमिनीत पुरलेल्या दगडांना ताणून बांधले. मग एप्रिल आला. बाबांच्या हातची प्रत्येक फांदी एक-दोन डोळे राखून कापली. कापल्या जागेतून पाणी ठिबकायला लागलं. आई बघत होती. "रडतोय रे तो," ती म्हणाली आणि आत निघून गेली. त्या रात्री मलाही झोप आली नाही.

पावसाळ्यात पानांवर केवडा आला. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं. हा उपाय १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी पुढे आणला. चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलांवर असलं निळसर मिश्रण मारायचे, आणि नेमके तेच वेल रोगातून वाचलेले त्यांना दिसले होते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा कात्री घेतली. शिवारात धानाची कापणी चालू असताना कोवळ्या फुटव्यांवर मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे घड दिसले. आईने बोट लावून मोजले. अकरा.

आज ते वाटाण्याएवढे झालेत, अजून आंबट आहेत. पाखरं येऊ नयेत म्हणून आईने मांडवाला तिची एक जुनी साडी बांधलीय. काढून टाक, असं ती आता म्हणत नाही.