पाते गंजले, जेड उरले : प्राचीन चीनमधील तलवारींचे अलंकार

१/
इ.स.पू. पहिल्या शतकाची अखेर. हान साम्राज्यातील बडा सरदार वांग मांग राजधानीतून दूर, शिनदू येथील आपल्या जहागिरीत दिवस कंठीत होता. तो आजारी पडला तेव्हा तेथील कारभारी खोंग श्यू त्याच्या समाचारास आला. वांग मांगने जेडने मढवलेली आपली तलवार त्याच्यापुढे भेट म्हणून ठेवली. खोंग श्यूने ती नाकारली. (धागा)

२/
वांग मांगने मग वेगळीच सबब काढली. पाहुण्याच्या चेहऱ्यावर व्रण होता आणि उत्तम जेडने व्रण जातात, असा त्या काळी समज होता. तेव्हा निदान म्यानावरचा जेडचा तुकडा तरी घ्यावा, असे म्हणून त्याने तो सोडवला. पुन्हा नकार आला. तेव्हा त्याने तो तुकडा ठेचून फोडला आणि स्वतःच्या हाताने बांधून पुढे केला. आता मात्र खोंग श्यूने तो स्वीकारला.

३/
‘हानशू’ या इतिहासग्रंथात हा प्रसंग नोंदलेला आहे. अखंड जेड नको, पण फुटलेले चालेल, असे का? याचे उत्तर त्या तलवारीच्या घडणीत आणि ती देण्याघेण्याच्या रीतीत दडलेले आहे.

४/
अशा तलवारीस चिनी भाषेत ‘यू-जू-ज्येन’, म्हणजे जेडच्या साजाची तलवार, असे म्हणत. पूर्ण साज चार नगांचा असे. मुठीच्या माथ्यावर वाटोळी चकती, मूठ व पाते यांच्यामध्ये आडवी परज, म्यानाच्या दर्शनी बाजूवर लांबट पट्टी आणि म्यानाच्या टोकाला टोपण.

५/
यांतील म्यानावरची पट्टी सर्वांत कल्पक. तिच्या मागच्या अंगाला एक चौकोनी पोकळी असे. कमरपट्टा त्या पोकळीतून ओवला, की लांब तलवार कमरेला नीट लटकत असे. वांग मांगने फोडला तो हाच तुकडा. जुन्या टीकाकारांनी त्याला ‘तलवारीचे नाक’ म्हटले आहे.

६/
पट्टीवर किंवा परजेवर अनेकदा शिंगे नसलेला, लवचिक अंगाचा ‘छी’ नावाचा ड्रॅगन कोरलेला दिसतो. काही ठिकाणी तो इतका उठावदार असतो, की दगडातून सरपटत बाहेर येत असल्याचा भास व्हावा. इतरत्र धान्याच्या दाण्यांसारख्या उठावांच्या ओळी किंवा ढगांची वेलबुट्टी आढळते.

७/
‘कोरलेला’ हा शब्द येथे सोयीपुरताच. नेफ्राइट जातीचे हे जेड ६ ते ६.५ कठीणतेचे असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. छिन्नी त्यावर चालत नाही. त्याहून कठीण वाळू आणि पाणी घालून, चकती, दोरी व सामत्याच्या साहाय्याने ते कणाकणाने झिजवावे लागे. चिमूटभर ड्रॅगनमागे कारागिराचे प्रदीर्घ श्रम असत.

८/
शस्त्र आणि जेड यांची सांगड जुनी आहे. १९९० साली हनान प्रांतातील सानमनश्या येथे गुओ राज्याच्या एका राजाच्या थडग्यात जेडच्या मुठीची लोखंडी तलवार सापडली. ती सुमारे २८०० वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा लोखंडही नवलाईचे होते. दोन दुर्मीळ वस्तू एकाच हातात आल्या होत्या.

९/
हान काळात हा साज राजनीतीचे साधन झाला. इ.स.पू. ५१ मध्ये श्योंगनू टोळ्यांचा अधिपती हूहान्ये सम्राट श्वानच्या दरबारी आला. त्याला मिळालेल्या मानाच्या वस्तूंत सुवर्णमुद्रा आणि वस्त्रांबरोबर जेडच्या साजाची तलवारही होती. ती स्वीकारणे म्हणजे सम्राटाचे श्रेष्ठत्व मान्य करणे होते.

१०/
मृत्यूनंतरही हा मान सोबत जाई. हपेइ प्रांतातील मानछंग येथे १९६८ साली राजा ल्यू शंग (मृत्यू इ.स.पू. ११३) याचे थडगे उघडले. सोन्याच्या तारेने ओवलेल्या जेडच्या पोशाखात तो निजला होता आणि जवळ जेडच्या साजाची लोखंडी तलवार होती. १९८३ साली ग्वांगचौ येथे नानयुए राज्याच्या राजाच्या थडग्यात तर असे ४३ अलंकार एकाच लाखेच्या पेटीत मिळाले. तलवारीविना नुसता साज!

११/
आता खोंग श्यूच्या नकाराचा अर्थ उलगडतो. अखंड साज घेतला असता, तर तो देणाऱ्याच्या उपकारात बांधला गेला असता. फुटलेल्या तुकड्यांना ना मोल, ना मान. उरले केवळ व्रणावरचे औषध, आणि ते नाकारणे उद्धटपणाचे ठरले असते.

१२/
त्याची सावधगिरी योग्यच ठरली. वांग मांगला पुन्हा राजधानीत बोलावणे आले, तेव्हा त्याने खोंग श्यूची भेट मागितली. खोंग श्यूने आजाराचे कारण सांगून ती टाळली. इ.स. ९ मध्ये वांग मांगने हान घराण्याचे सिंहासन बळकावले आणि रेशीम पाठवून खोंग श्यूला उच्च पद देऊ केले. खोंग श्यूने आजारपण पुढे करून घराचे दार लावून घेतले. इ.स. २३ मध्ये बंडखोरांनी राजधानी घेतली आणि वांग मांग मारला गेला.

१३/
पुढे रणांगणावर एकधारी तलवारीने जुन्या दुधारी तलवारीची जागा घेतली. दुधारी तलवार दरबारी पोशाखापुरती उरली. जिन राजवटीत (इ.स. २६५–४२०) तर दरबारातील तलवार लाकडाची झाली, असे त्या राजवटीचा इतिहास सांगतो. तरीही थोरामोठ्यांच्या लाकडी तलवारीच्या मुठीवर जेडची चकती कायम राहिली.

१४/
आज थडग्यांतून निघणारी लोखंडी पाती गंजाने खाल्लेली असतात आणि लाकडी म्यान कुजून गेलेले असते. मातीत जागच्या जागी उरतात ते चार जेडचे तुकडे. तलवार येथून येथवर होती, हे आता तेच सांगतात.