कातळाला खपली धरत नाही

बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला पावसाळ्यात विंचरणा नदी कड्यावरून थेट दरीत कोसळते. खाली रामेश्वराचं देऊळ. कडा बघून मित्र म्हणाला, "इथे बोल्ट मारले तर कसली भारी चढाई होईल!" होईलही. पण मारावेत का?

सह्याद्रीच्या कातळाला पहिला घाव गिर्यारोहकांनी घातला नाही. किल्ले बांधणाऱ्यांनी पायऱ्या कोरल्या. १८१८ मध्ये ब्रिटिशांनी अनेक ठिकाणी त्या सुरुंगाने उडवल्या, म्हणजे किल्ला पुन्हा कुणी लढवू नये. आज अलंग-मदनला दोर लागतो तो त्यामुळे. दोनशे वर्षं झाली, जखम तशीच आहे.

अमेरिकेत योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये पोलादी मेखा ठोकून-काढून भेगा रुंदावत गेल्या. त्या मेखा बनवून विकणाऱ्या यव्हॉन शुइनार्डनेच १९७२च्या आपल्या कॅटलॉगमध्ये सांगितलं की हातोडा सोडा, भेगेत हाताने अडकवून परत काढता येणारी साधनं वापरा. स्वतःच्याच पोटावर पाय होता तो.

उलट १९७० मध्ये सेझारे माएस्त्रीने पॅटागोनियातल्या सेरो तोरेवर कॉम्प्रेसर नेऊन शेकडो बोल्ट ठोकले. २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यातले शंभराहून जास्त काढले, तर पायथ्याच्या गावात लोक त्यांच्यावरच भडकले. बोल्ट ठोकताना कुणाला विचारलं नव्हतं, काढतानाही नाही.

आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड आहे. आपला कातळ म्हणजे लाव्ह्याचे थर. ग्रॅनाइटसारख्या लांब, भरवशाच्या भेगा इथे क्वचित मिळतात, दगड हातात निघून येतो. अशा ठिकाणी एक बोल्ट जीव वाचवतो. त्यामुळे 'बोल्ट नकोच' हे घरी बसून म्हणणं सोपं आहे.

पण कडा फक्त आपला नसतो. डायक्लोफिनॅकमुळे जवळपास संपलेली लांब चोचीची गिधाडं अशाच कपारींत घरटी करतात. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तरी पक्षी अजून थोडेच आहेत. त्यांची वीण हिवाळ्यात, आणि आपला चढाईचा हंगामही तोच.

मित्राला म्हटलं, ड्रिल नंतर. आधी एक हिवाळा दुर्बीण घेऊन येऊ, कपारीत कोण राहतं ते बघू, देवळातल्या लोकांशी बोलू. नंतरही गरज वाटली, तर लागतील तेवढेच बोल्ट. चुकलेला कोड मी रात्रीत मागे घेतो. इथे ती सोय नाही.