‘हंगामी’ कारखाना आणि आजारपणाची वेतनकपात : बारामती व इंदापूर

वेतन हाती पडण्यापूर्वीच त्यातून आजारपणाची वर्गणी कापावी, मालकानेही आपला वाटा भरावा, मात्र तो कामगाराच्या वेतनातून वसूल करू नये, हे तत्त्व १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने स्वीकारले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. तथापि कायद्याने ‘हंगामी कारखाने’ वगळले, आणि केवळ साखर वा गूळ तयार करणारा कारखाना त्या व्याख्येत नाव घेऊन घातला. नीरा कालव्याच्या आधाराने वाढलेल्या बारामती-इंदापूरच्या साखरधंद्याला ही व्याख्या नेमकी लागू पडते.

येथे विशेषण कारखान्याचे आहे, कामगाराचे नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची होय. भवानीनगर, माळेगाव वा सोमेश्वरनगर येथील गाळप काही महिन्यांचे. यंत्रदुरुस्ती, गोदाम व कचेरी यांचे काम मात्र बारमाही. अशा व्याख्येने कायम कामगारही वर्गणीतून सुटतो खरा. परंतु तिच्यामागून येणारा औषधोपचार व आजारपणाचा भत्ता यांवरील त्याचा कायदेशीर हक्कही जातो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा अपवाद राखला. या तालुक्यांतील कामगारांच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना गाळपाच्या आकड्यांइतकेच या व्याख्येकडेही पाहिले पाहिजे.