दस्तऐवजांच्या आधारे लिंकन कुळाच्या स्थलांतराचा मागोवा (इ.स. १६३७ ते १८३०)

वसाहतकाळापासून अमेरिकेतील अनेक कुळे पिढीगणिक पश्चिमेकडे सरकत गेली. या वाटचालीचा इतिहास बहुधा कौटुंबिक आठवणींवर रचला जातो. परंतु अशी आठवण तीन-चार पिढ्यांपलीकडे सहसा पोहोचत नाही. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९-१८६५) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८५९ मध्ये लिहिलेल्या संक्षिप्त आत्मवृत्तात त्यांनी आजोबांचे मूळ ठिकाण व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटी आणि त्याआधीचे पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटी असल्याचे नमूद केले. न्यू इंग्लंडमधील त्याच आडनावाच्या घराण्याशी नाते जुळवण्याचा प्रयत्न मात्र नावांच्या साम्यापलीकडे गेला नव्हता. आज या कुळाच्या सलग सात पिढ्यांची वंशावळ उपलब्ध आहे. हा दुवा आठवणींनी जुळवलेला नाही. तो मृत्युपत्रे, खरेदीखते आणि न्यायालयीन दप्तरे यांतून जुळला आहे.

कुळाचा मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन हा इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील हिंगम या गावचा. विणकराकडे उमेदवारी करणारा हा मुलगा १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेला. प्रवाशांच्या नोंदीत त्याचे वय १८ वर्षे दिलेले आहे. हिंगमच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद मात्र २४ ऑगस्ट १६२२ ची आहे. म्हणजे प्रवासाच्या वेळी तो जेमतेम १५ वर्षांचा होता. दोन्ही नोंदी अस्सल आहेत. तथापि बाप्तिस्म्याची नोंद घटनेच्या वेळी आणि वय वाढवून सांगण्याचे कोणतेही कारण नसलेल्या व्यक्तीने केलेली असल्याने तिला अधिक वजन द्यावे लागते. कागद अस्सल असला तरी त्यातील मजकूर खरा असतोच असे नाही, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय हा मॅसॅच्युसेट्समध्येच लोहारकाम करीत राहिला व १७२७ मध्ये वारला. त्याचा त्याच नावाचा मुलगा न्यू जर्सीत आणि तेथून पेनसिल्व्हेनियात गेला. तेथे त्याचा लोखंडाच्या भट्टीच्या व्यवसायात हिस्सा होता. बाप-लेकांचे नाव एकच असल्याने निव्वळ नावावरून निर्णय घेणे धोक्याचे होते. व्यवसायातील सातत्य हा पूरक पुरावा ठरला. याहून महत्त्वाचा कागद पुढील पिढीचा. धाकट्या मॉर्डेकायने १७३६ च्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन जॉन या मुलास दिली आणि १७४८ मध्ये जॉनने ती मॉर्डेकायचा पुत्र व वारस या नात्याने विकली. जमीन एका वसाहतीत आणि मालक दुसऱ्या वसाहतीत असल्यामुळेच हे नाते कागदावर लिहावे लागले. जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियातील लिनव्हिल क्रीक येथे ६०० एकर जमीन घेऊन स्थायिक झाला.

जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम हा राष्ट्राध्यक्षांचा आजोबा. १७८० मध्ये केंटकीतील जमिनीसाठी काढलेल्या अधिकारपत्रात त्याचे आडनाव 'लिंकहॉर्न' असे नोंदवलेले आहे. शोधकाने केवळ शुद्ध रूपावर विसंबून राहिल्यास ही नोंद हातून निसटते. पुढे व्हर्जिनियातील जमीन विकताना पत्नीला विधवा म्हणून मिळणारा हक्क सोडून द्यावा लागे. त्या नोंदीत बाथशिबा हे तिचे नाव आढळते. स्त्रीचे नाव जमिनीच्या दप्तरात येते ते बहुधा असा हक्क सोडतानाच.

केंटकीत शेतावर काम करीत असताना मूलनिवासींच्या हल्ल्यात अब्राहम मारला गेला. कुटुंबातील आठवणीनुसार हे १७८४ चे वर्ष होते. दप्तरांच्या आधारे मे १७८६ हा काळ आता ग्राह्य मानला जातो. दोन वर्षांचा हा फरक वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि ज्येष्ठ पुत्रालाच स्थावर वारसा देणारा जुना नियम रद्द करणारा व्हर्जिनियाचा कायदा १ जानेवारी १७८७ पासून अमलात आला. अब्राहमने मृत्युपत्र केले नव्हते. आणखी आठ महिने तो जगता, तर पाच हजारांहून अधिक एकरांची वाटणी सर्व मुलांत झाली असती. ती सारी ज्येष्ठ पुत्र मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस मोलमजुरी करीत वाढला.

थॉमसच्या पुढील स्थलांतरांचे मूळही जमिनीच्या हक्कातच आहे. केंटकीत जमिनीची मोजणी झाडे, ओढे आणि दगड यांच्या खुणांवरून होत असे व एकाच तुकड्यावर अनेकांचे दावे चढत. १८०३ मध्ये २३८ एकर म्हणून घेतलेली जमीन विकताना २०० एकर भरली. सिंकिंग स्प्रिंग येथील ३०० एकरांच्या शेतावर जुन्या मालकाचे येणे निघाले, तर नॉब क्रीक येथे १८१५ मध्ये त्याच्याविरुद्ध ताबा सोडण्याचा दावा दाखल झाला. १८१६ च्या अखेरीस तो इंडियानात गेला, कारण तेथे संघशासनाने १७८५ च्या अध्यादेशानुसार चौरस मोजणी करून जमीन विक्रीस काढली होती. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी व्हिन्सेन्स येथील कार्यालयात त्याने १६० एकरांची नोंद केली. पैसे पुरे न पडल्याने १८२७ मध्ये त्यातील ८० एकर परत करून उरलेल्या ८० एकरांचा निर्वेध हक्क त्याने मिळवला. तीन वर्षांनी हे कुटुंब इलिनॉयला गेले. इंडियानाच्या या भागाच्या मालकीचा मूळ कागद म्हणजे १८०४ चा डेलावेअर व पियांकेशॉ जमातींशी झालेला करार. कुळवृत्तांतात तो क्वचितच जोडला जातो.

थॉमस व नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाची नोंद राष्ट्राध्यक्षांच्या हयातीत सापडली नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर विल्यम हर्नडन यांच्यासारख्या चरित्रकारासही ती मिळाली नाही व त्यातून नाना प्रवाद उठले. शोध हार्डिन काउंटीत चालला होता. विवाह मात्र शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत १२ जून १८०६ रोजी झाला होता. तेथील दप्तरातून १८७८ मध्ये ही नोंद बाहेर आली. नॅन्सीच्या आईवडिलांविषयीचा वाद मात्र कागदांनी मिटला नाही, कारण तिच्या नावावर जमीन नव्हती. २०१५ मध्ये मातृवंशातील स्त्रियांच्या वंशजांच्या डीएनए तपासणीने ती ल्यूसी हँक्स हिची मुलगी असल्याच्या मतास बळकटी मिळाली. तिच्या वडिलांचे नाव अद्याप कोणत्याही दप्तरात सापडलेले नाही.