साथीचा सांगावा

फलटणला रेल्वे आली ती अगदी अलीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाईक निंबाळकरांच्या या संस्थानाला जवळचे स्टेशन म्हणजे पुणे-मिरज लोहमार्गावरील लोणंद. मुंबई-पुण्याकडील बातमी तेथे उतरत असे आणि पुढे बैलगाडीने किंवा पायी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचत असे. ज्ञानेश्वर माउलींची पालखीही लोणंद, तरडगाव, फलटण, बरड याच वाटेने पंढरपूरला जाते. माल, माणसे, भक्ती आणि रोग या सर्वांना एकच वाट होती, तेव्हा रोगाची वार्ताही तिच्यावरूनच यावयाची.

वर्तमानपत्रे पुण्यात निघत होती. परंतु खेड्यात ती वाचणारे किती? गावाला साथ कळे ती निराळ्या मार्गांनी. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल होती. सुशिक्षितांनी तिला अंधश्रद्धा म्हटले आणि ती अंधश्रद्धा होतीच. तथापि शिवेवर गाडा दिसला म्हणजे शेजारगावी काय चालले आहे ते या गावाला न सांगता कळून चुके. मयताचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांकडे नेणे हे वतनदार महाराचे काम. ऊन असो, पाऊस असो, तो चालत जाई. एकाच आठवड्यात एकाच गावाहून तीन सांगावे आले तर त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नसे. साथीची पहिली खबर ज्याच्या पायांनी गावात येई, त्याला मात्र गावाने कधी उंबरठ्याच्या आत घेतले नाही. हेही इतिहासात नोंदविले पाहिजे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी तपासून हा प्लेग असल्याचे सांगितले. जाणत्या मंडळींतही पुष्कळांना ते प्रथम पटले नाही. पटले तेव्हा लाखो लोक मुंबई सोडून निघाले. (गिरगाव-वांद्र्याच्या जुन्या वाड्यांत त्या वर्षांत उभारलेले क्रूस आजही पाहावयास मिळतात.) गिरणीत राबणारे सातारकडचे लोकही घरची वाट चालू लागले. शहरात काय झाले हे गावाने त्यांच्याच तोंडून ऐकले, आणि ज्याने वार्ता आणली त्याच्याच गाठोड्यातून रोगही आला असे कितीतरी ठिकाणी घडले असेल.

पुढे पुण्याहून आलेल्या वार्तेत एक नाव होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर रँड यांची नेमणूक झाली. सातारा जिल्ह्याला हे नाव नवे नव्हते. १८९४ साली वाईच्या वाद्यप्रकरणात गावच्या प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडणारा अधिकारी तो हाच. आता त्याचे गोरे सोजीर पुण्यात घरोघर शिरून झडत्या घेत होते, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात नेत होते. अशा माणसाच्या हुकुमाखाली आरोग्याची सूचना आली, तर ती सूचना म्हणून कोण ऐकणार? लोकांनी रोगी माळ्यावर लपविले, प्रेते घरातच पुरली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. ती कथा सर्वश्रुत आहे, येथे तिचा विस्तार करीत नाही.

याच काळात इस्पितळात रोग्याच्या अंगातून मोमियाई काढतात, ही कंडी सर्वत्र पसरली. आज आपण तिला हसतो. पण ज्याचा माणूस गाडीत घालून नेला आणि नंतर ज्याला प्रेतसुद्धा पाहावयास मिळाले नाही, त्याने मधली रिकामी जागा भरावी तरी कशाने?

आता उंदरांविषयी. सरकारी समजूत अशी होती की रोग घाणीत, जमिनीत आणि माणसाच्या संसर्गात आहे. म्हणून फिनेल, चुना, गटारे धुणे, सामान जाळणे. गावकऱ्यांनी मात्र दोन-चार हंगामांत एक गोष्ट डोळ्यांनी पाहून ठेवली. आधी घरात उंदीर पडतात, मग माणसे पडतात. उंदीर पडू लागले की लोक पेटाऱ्यात दाणे बांधून, गुरे हाकून रानात जात, झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरली म्हणजे परतत. यासाठी त्यांना कुणी पत्रक वाटले नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून दाखविले की उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पोहोचविते. विद्वानांनी त्याला बरीच वर्षे मानले नाही. उंदरांना मागे टाकून माळावर गेलेली माणसे वाचत होती, त्याचे कारण हेच. गाव रिकामे करणे हा उत्तम उपाय, हे पुढे सरकारनेही मान्य केले आणि सक्ती सैल केली. पण तोवर विश्वास गेला होता. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ती टोचून घेण्यास लोक कचरत, त्यात केवळ अज्ञान होते असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी पुण्याबाहेर सासाणे मळ्यात दुसरे एक चित्र दिसत होते. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी तेथे प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. त्या दवाखान्यात रोगी लपविण्याची गरज नव्हती; नेणारे माणूस ओळखीचे होते.

सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने एड्सविषयी काम केले. ज्या स्त्रियांना समाज रोगाचे मूळ म्हणत होता, त्याच तेथे एकमेकींना माहिती देऊ लागल्या. त्या कार्याच्या काही साधनांविषयी आमचे मत वेगळे आहे. त्यांच्या पद्धतीपासून मात्र आम्हांलाही शिकता आले असते.

आम्ही ते शिकलो नव्हतो, हे २०२० साली कळले. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि फलटणचा तळ मोकळा राहिला. टाळेबंदीत फलटण तालुक्यातील एका वस्तीवर धान्य वाटावयास गेलो असता आम्ही सोबतचे पत्रक मोठ्याने वाचून दाखविले. विलगीकरण, अलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, सहव्याधी. शब्द शुद्ध होते आणि वाचन स्पष्ट होते. सर्वांनी माना डोलावल्या. मग एका वृद्धेने विचारले, “फादर, न्हेल्यालं मानूस माघारी येतं का?”

पत्रकात त्याचे उत्तर नव्हते. “देवाच्या कृपेने येईल,” असे काहीसे पुटपुटून आम्ही पुढच्या घरी गेलो. महिन्याभरात त्याच वस्तीवरच्या एका मेंढपाळाने सहा दिवस ताप लपविला. घराला बांबू ठोकतील आणि आपल्याला नेतील, या भीतीने. सातव्या दिवशी तो गेला. त्याच्या मातीला चार माणसे होती.

पुढच्या वर्षी लस आली तेव्हा त्या वस्तीवर आशा सेविका गेली. ती शेजारच्याच वाडीची सून. आम्ही मागे उभे होतो. तिने पत्रक पिशवीतून काढलेच नाही. कोविड सेंटरात बारा दिवस राहून आलेल्या आपल्या चुलत दिराला तिने सोबत आणले होते. त्याला म्हातारीसमोर उभे करून ती म्हणाली, “बघा आत्याबाई, आले का न्हाई माघारी?” म्हातारीने त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. मग तिने तेथे जेवायला काय देत, रात्री दिवा असे का, बायकांना वेगळी खोली होती का, असे एकेक विचारावयास आरंभ केला. तास गेला. उन्हे कलली तेव्हा वस्तीवरच्या अकरा जणांनी नावे सांगितली आणि आशाताईंनी ती वहीत उतरून घेतली.